तेरची आयात-निर्यात

तेर हे कधीकाळी आंतरराष्ट्रीय बाजारपेठेचं गाव होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. तेव्हा नाव होतं तगर. पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक दर्यावर्द्यानं ‘पेरिप्लस’ नावाची बंदरांची आणि बाजारांची जी जंत्री करून ठेवली आहे, तिच्यात आम्ही आहोत. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर, तिथून कापडाचा माल गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जातो, असं तो लिहितो. रस्त्याचं काम चालू असेल तर दहा दिवसांचा अंदाज आजही बरोबर ठरावा.

पुढे रोमन गिऱ्हाईक बुडालं, बंदरं मागं पडली आणि तगरचा परदेशी व्यापार संपला, असं इतिहासकार सांगतात. ते संग्रहालयात बसून सांगतात, म्हणून त्यांना तसं वाटतं. शिवारात येऊन बघितलं तर कळेल की आवक-जावक अजून चालू आहे. व्यापारी आफ्रिकेतून येतात, कझाकस्तानातून येतात, सायबेरियातून येतात. फरक एवढाच की ते उडत येतात, जकात भरत नाहीत आणि माल जागेवरच खाऊन जातात.

बाहेरून येऊन टक लावून बघणाऱ्यांची तेरला जुनी सवय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स साहेब त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाकडे बघून गेला. 1958 साली चापेकरांनी उत्खनन केलं. मग आणखी लोक आले. मातीच्या बाहुल्या निघाल्या, मणी निघाले, नाणी निघाली. एक हस्तिदंती बाई अशी निघाली, की 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेल्या बाईची सख्खी बहीण शोभावी. हे सगळे लोक खाली बघायचे. अलीकडे जे येतात ते गळ्यात दुर्बीण अडकवून वर बघतात. “गावाकडं सरळ नजरेनं बघणारा माणूस कवा यायचा?” असं शेजारच्या काकू विचारतात.

या वर बघणाऱ्यांत माझा भाचाही आहे. राहतो पुण्यात, कॉम्प्युटरवर काय ते करतो आणि दर शनिवारी-रविवारी पक्ष्यांच्या मागे लागतो. एका हिवाळ्यात तो आपल्या मित्रमंडळाला घेऊन तेरणेच्या धरणावर आला. त्यांनी पाळूच्या कडेला ट्रायपॉड मांडला, त्यावर नळकांडं चढवलं आणि एकेक जण वाकून डोळा लावू लागला. आमच्या भागात शिवारात ट्रायपॉड उभा राहिला की त्याचा एकच अर्थ होतो: मोजणी. महामार्ग असेल, पवनचक्की असेल, सोलर असेल. काहीतरी आपल्या रानातून जाणार आणि मोबदला ठरवताना आपल्याला विचारणार नाहीत. दहा मिनिटांत पाळूवर ही गर्दी.

“काय बघलालाव, साहेब?” एकानं सभ्यपणे सुरुवात केली.

“चक्रवाक.”

“ही कुठली कंपनी?”

भाच्यानं समजावून सांगितलं, की चक्रवाक म्हणजे नारिंगी रंगाचं बदक, हिमालयापलीकडून येतं, कंपनी नव्हे. कुणाचा विश्वास बसेना. एवढ्या किमतीचं यंत्र घेऊन, चार माणसं, एक गाडी, डिझेल जाळून बदक बघायला आली आहेत, हे कुणाच्याही हिशेबात बसणारं नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्यानं नळकांड्याला स्वतः डोळा लावला, बराच वेळ हलला नाही आणि मग बाजूला होत म्हणाला, “हाय बाबा. बदकच हाय.” त्यानंतर लोक पांगले. दोघं-तिघं मात्र थांबून राहिले. मोजणीवाले आधी काहीही सांगतात, हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

आयातीचा हंगाम मृगाच्या तोंडावर सुरू होतो. पहिला व्यापारी चातक. काळा-पांढरा अंगरखा, डोक्यावर तुरा, मुक्काम पूर्व आफ्रिका. आमच्या तगरशी व्यापार करणारे ग्रीक-रोमन जहाजवाले इजिप्तच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास निघायचे आणि नैऋत्येचा मोसमी वारा शिडात भरून अरबी समुद्र ओलांडायचे. हा वारा अमक्या हिप्पालसनं शोधला, असं पेरिप्लसवालाच सांगतो. चातक हाच वारा वापरतो, त्याच समुद्रावरून येतो, आणि हिप्पालसच्या खापरपणजोबाच्याही आधीपासून येतो. पण त्यानं जंत्री लिहून ठेवली नाही, त्यामुळे श्रेय ग्रीकांना गेलं.

कवींनी चातकाची समजूत अशी करून दिली, की तो फक्त पावसाचं पाणी पितो आणि चोच उघडून ढगाकडे बघत बसतो. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंट खातो. दुसऱ्या कुणी तोंडात घेणार नाही असले खाजरे सुरवंट हा आवडीनं गिळतो. कवितेत सुरवंट बसत नाही म्हणून गाळला असावा. हा येतो कशासाठी? तर संसारासाठी. संसार म्हणजे काय, तर मादीनं आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात नेऊन टाकायची. सातभाई नेहमी घोळक्यानं राहणारे, दिवसभर एकमेकांवर केकाटणारे, बांधावरून भांडत जाणारे मातकट पक्षी. त्यांना वाटतं, घरातलंच कुणाचं तरी पोर असेल. एकत्र कुटुंबात असं होतं.

सातभाईंच्या घराचा आणखी एक लाभार्थी आहे, तो म्हणजे पावशा. हा परदेशी नाही, इथलाच. पण वर्षभर गप्प बसतो आणि वैशाख संपता संपता झाडाच्या शेंड्यावरून ओरडायला लागतो: पेरते व्हा, पेरते व्हा! अख्ख्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हेच ऐकू येतं. दिवसा ओरडतो, रात्री ओरडतो, एकेक पट्टी चढवत जातो आणि ऐकणाऱ्याचं डोकं फुटायची वेळ आली की एकदम थांबतो. हवामान खातं 1875 साली सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून पावशा हा कृषी सल्लागार म्हणून नेमणुकीवर आहे. मात्र बी भरायला पैसे कुठून आणायचे, दुबार पेरणीचं काय, सोयाबीनचा भाव काय निघेल, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यानं आजवर दिलेलं नाही. आणि स्वतःची पेरणी तो करतो सातभाईंच्या वाफ्यात. खत त्यांचं, पाणी त्यांचं, राखण त्यांची. असा सल्लागार पुढे जातोच.

आबांचा पावशावर विश्वास नाही. आबा म्हणजे माझे चुलते. त्यांच्या जमिनीचा एक तुकडा धरणाच्या बाजूला आहे आणि त्यांची मतं सगळ्या बाजूंना आहेत. ते टिटवी मानतात. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दाबून, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ. अंडी चार तर पावसाचे चार महिने भरले, तीन तर एक महिना कोरडा. टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाही. मुरमात चार खडे बाजूला सारते, अंडी ठेवते आणि ती मुरमात अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. उन्हं फारच तापली तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. वाटेनं माणूस, कुत्रं, फटफटी काहीही येऊ दे, दोघं नवरा-बायको डोक्यावर घिरट्या घालत असा गोंधळ घालतात, की अंडी नसलेल्यालाही आपण काहीतरी चोरलं असं वाटावं.

एका उन्हाळ्यात टिटवीनं अंडी घातली ती रस्त्यासाठी आणून टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर. चांगला पुरुषभर उंच ढीग. आबा खूश. गावभर सांगत सुटले, यंदा धरण भरून सांडव्यावरून पाणी. माझी काळजी वेगळी होती. रस्त्याचं काम उद्या सुरू झालं तर? अंडी उबायला जवळजवळ चार आठवडे लागतात. तेवढे दिवस ढीग जागेवर राहायला हवा. ढीग राहिला. अंडी फुटली, काड्यांच्या पायांची पिल्लं तुरुतुरु चालत नाल्याकडे गेली, पावसाळा आला, गेला. ढिगावर तरोटा उगवला. पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला. टिटवीचा अंदाज पावसाबद्दल नव्हताच, तो ठेकेदाराबद्दल होता, आणि तंतोतंत खरा निघाला.

पण पावसाळ्यातलं खरं नाटक बघायचं तर विहिरीवरच्या बाभळीजवळ बसावं. बाभळीच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतात आणि टोकांना सुगरणीचे खोपे लोंबत असतात. बहिणाबाईंपासून सगळ्या मराठी मुलुखानं कौतुक केलं ते सुगरणीच्या कसबाचं. बांधकाम मात्र सगळं नराचं. उसाच्या, गवताच्या पानांच्या बारीक पट्ट्या चोचीनं फाडून आणायच्या, गाठी मारायच्या, वीण घालायची. शेकडो फेऱ्या. वर आतून ओल्या चिखलाचे गोळे लिंपायचे. संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावात माती मळल्याशिवाय कुणाचं भागत नाही.

अर्धा खोपा झाला की नर काम थांबवतो. पिवळं डोकं फुगवून, पंख फडफडवत खोप्याला लोंबकळतो आणि ओरडून ओरडून जाहिरात करतो. आता बघण्याचा कार्यक्रम. बघायला येते ती मादी. ती एकेका खोप्यात शिरते, आतून ओढून बघते, टोचून बघते, आणि बऱ्याचदा काही न बोलता पुढच्या खोप्याकडे निघून जाते. पोहे नाहीत, ‘कळवतो’ नाही. पसंत पडलं तरच नर उरलेलं काम करतो, खाली येण्या-जाण्याची नळी विणतो. नाही पडलं तर तो अर्धवट खोपा तसाच लोंबत राहतो. पावसाळ्याच्या शेवटी एकेका बाभळीवर असे किती नाकारलेले खोपे दिसतात! आमच्या गावात लग्नाळू पोरांच्या अर्धवट बांधलेल्या वरच्या मजल्यांची संख्याही साधारण तशीच आहे. सळया वर आलेल्या, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. पोरगं निर्व्यसनी आहे, दोन बोअर आहेत, चार एकर ऊस आहे. पण मुलीकडच्यांचा प्रश्न एकच: पुण्यात काही आहे का?

आणि गंमत अशी, की सुगरणीचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच दिसलं. मादी विणकामाच्या नक्षीपेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. फांदी उंच हवी, भक्कम हवी, सापाखारीला चढायला अवघड हवी. म्हणजे लोकेशन. हे मी गावातल्या एका लग्नाळू पोराला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बाभळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “वाकडला भाडं किती असंल?”

आता, मादीनं खोपा पसंत केला, अंडी घातली, ती उबवायला बसली की हे नरमहाशय काय करतात? शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा बांधायला घेतात. दुसरीसाठी. जमलं तर तिसरीसाठीही. ही भानगड सालीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला बसून, रोजच्या रोज नोंदी ठेवून उघडकीला आणली आणि 1930च्या सुमारास छापलीही. त्याआधी खोप्याचं कौतुक करणाऱ्यांनी खोप्याच्या मालकाची चौकशी केलेली नव्हती. याच सालीम अलींनी पुढे 1931-32 साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी केली. आमचा जिल्हा तेव्हा त्या संस्थानातलाच. इकडे बाकी कसली पाहणी होवो न होवो, पाखरांची मात्र झाली.

कार्तिक लागला की धरणाचा रंग बदलतो. पाण्यावर काळे ठिपके वाढत जातात. हे वारकरी नावाचे पक्षी. अंगावर काळी घोंगडी आणि कपाळावर ठळक पांढरा टिळा. थोडे बारमाही इथंच असतात, पण थंडीत उत्तरेकडून जथेच्या जथे येऊन मिळतात. गावातून गोरोबाकाकांची पालखी कार्तिकीला पंढरपूरला निघते आणि गावात हे वारकरी उतरतात, मुक्काम चैत्रापर्यंत. चैत्र वद्य त्रयोदशीला काकांची पुण्यतिथी, मोठी यात्रा भरते. तोवर या वारकऱ्यांची माघारी निघायची गडबड झालेली असते. यात्रेच्या गर्दीला ते थांबत नाहीत.

याच सुमारास पक्षिसप्ताह येतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सालीम अलींचा 12 नोव्हेंबर. दोन्ही मिळून राज्य सरकारनं 2020पासून हा आठवडा पक्ष्यांच्या नावे केला. चितमपल्ली आमच्या शेजारच्या सोलापूरचे, त्यामुळे भाच्याला वाटलं, तेरमध्ये हे जोरात व्हायला पाहिजे. त्यानं पारावर फलक लावला. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी विचारलं, काल्याचं कीर्तन कुणाचं आहे? एकानं महाप्रसादाला पाच किलो साखर लिहून घ्या म्हणून सांगितलं. आमच्याकडे सप्ताह म्हटलं की वीणा उभी राहते, पहाटे काकडा होतो आणि शेवटच्या दिवशी पंगत उठते. पहिल्या दिवशी सकाळी पक्षी बघायला धरणावर बरीच मंडळी आली. जेवण नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी भाचा, मी आणि एक कुत्रं.

दुर्बीणवाल्यांचा आपसातला व्यवहार मात्र बघण्यासारखा असतो. तेरमध्ये संतमेळा जमला असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली आणि कुठलं मडकं भाजलं, कुठलं कच्चं, याचा निवाडा केला. नामदेव कच्चे ठरले. ही परीक्षा धरणाच्या काठावर अजून चालते. मंडळात एक ज्येष्ठ असतात. ते चिखलात शेपूट हलवत फिरणाऱ्या एका करड्या पक्ष्याकडे हनुवटी करतात. “कोण?”

नवा गडी दुर्बीण लावतो. “तुतवार.”

“कुठला?”

इथं घाम फुटतो. हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार यांच्यातला फरक एवढाच, की एकाच्या पाठीवर ठिपके जरा जास्त आणि दुसरा उडताना जरा अधिक काळा-पांढरा दिसतो. पक्षी उडेल तर कळेल. पण उडाला तर दिसेनासा होईल. “ठिपकेवाला?” नवा गडी प्रश्नार्थक बोलतो. ज्येष्ठ काही बोलत नाहीत. नुसते थर्मासचं झाकण उघडतात. डोक्यावर थापटी बसलेली असते. नामदेव रुसून निघाले आणि त्यांना विसोबा खेचर भेटले. याला घरी गेल्यावर ऑनलाइन कोर्स भेटतो.

पोशाखाचं तर बोलायलाच नको. अंगात चट्ट्यापट्ट्यांचं हिरवं जाकीट, तसलीच टोपी, म्हणजे पक्ष्यांना आपण झाड वाटावं. पण आमच्या माळावर कार्तिकानंतर असं हिरवंगार झाड असतं कुठं? अख्ख्या पिवळ्या माळरानात तेवढे हे चौघे उठून दिसतात. चंडोल, भोवत्या, तितर सगळे लांबूनच उठतात. आणि पांढरं धोतर, गुलाबी पटका बांधून आबा औतामागून चालले की गायबगळे त्यांच्या टाचेला टाच लावून चालतात, कोतवाल बैलाच्या पाठीवर बसून नाकतोड्यांवर झेपा घालतो. भाचा ते बघून हळहळतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावूनही त्याला जे मिळत नाही, ते आबांच्या पायात घोटाळत असतं आणि आबा त्याला “हाट्” म्हणतात.

भाच्याला एकदा येडशीला रामलिंगच्या अभयारण्यात घेऊन गेलो. रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूची तिथं समाधी दाखवतात. मरत्या पक्ष्याला पाणी द्यायला रामानं बाण मारून झरा काढला, अशी कथा आहे. जटायूच्या भाऊबंदांना, म्हणजे गिधाडांना, आपण पाण्याऐवजी डायक्लोफेनॅक पाजलं. दुखणाऱ्या गुरांना टोचायचं औषध, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांत, आणि मूत्रपिंडं निकामी. जनावरांसाठी त्याच्यावर 2006 साली बंदी आली, तोवर आकाश मोकळं झालं होतं. भाचा तिथं समाधीपुढे बराच वेळ दुर्बीण बाजूला ठेवून बसला. मग माकडानं त्याची टोपी नेली.

थंडीच्या दिवसांत गावात एक विचित्र अदलाबदल होते. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर संसार चढवून पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. कोयते, पातेली, कोंबड्या, पोरं. त्या जातात आणि वरून पाहुणे उतरतात. पाहुण्यांसाठी दुर्बीण लावतात, नोंदवह्या भरतात, कोण कुठून आलं, किती आले, पिल्लं किती, सगळं टिपतात. ट्रॅक्टरवरून कोण गेलं, किती गेले, पोरं किती, याची वही कुणाच्या गळ्यात नसते. उन्हाळा लागला की टोळ्या परततात आणि पाहुणे उडून जातात. दोघांची गाठ कधी पडत नाही.

आता मुख्य व्यापारी. भोरडी. पुस्तकात पळसमैना म्हणतात, गुलाबी मैना म्हणतात. आबा जे म्हणतात ते छापता येत नाही. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, मानेवर रुळणारी शेंडी. वीण होते मध्य आशियात आणि पार पूर्व युरोपापर्यंतच्या गवताळ माळावर, मे-जूनमध्ये, टोळांच्या हंगामात. पिल्लं उडती झाली की हे लोक घाईनं तिथून निघतात आणि श्रावण-भाद्रपदापासूनच आमच्याकडे यायला लागतात. वर्षातले आठ-नऊ महिने भारतात आणि तीन-चार महिने माहेरी. तरी आपण त्यांना पाहुणे म्हणतो.

सुरुवातीला त्या रानात नाकतोडे, अळ्या खात फिरतात, तोवर कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. पौष उजाडला, मालदांडीची कणसं चिकात आली, हुरड्यात भरली, की आकाशातून एक काळा पडदा सरकत येतो आणि सरळ फडात उतरतो. मग माणसं मचाणावर चढतात. गोफण फिरते, पत्र्याचे डबे वाजतात, जुन्या कॅसेटींच्या फिती काठ्यांना बांधून वाऱ्यावर सळसळतात. कुठल्या कुठल्या गवळणी आणि लावण्या त्या फितींवर असतील, भोरड्यांना ऐकू येत नाही एवढंच बरं. थवा उठतो, हवेत वळतो, फुगतो, दुमडतो आणि बांधापलीकडच्या रानात उतरतो. तिथला मचाणवाला त्याला परत इकडे पाठवतो. भावकीतला हा एकच व्यवहार मी असा बघितला आहे, ज्यात दोन्ही बाजू रोज काही ना काही एकमेकांना देतात.

भाचा म्हणाला, “आबा, त्या नाकतोडे खातात हो. शेतकऱ्याच्या मित्र आहेत.”

“नाकतोडं खाल्ल्यालं तू पुस्तकात बघितलंस. जवारी खाल्ल्याली म्या फडात बघितलीय.”

“चीनमध्ये शिनजियांग म्हणून प्रांत आहे. तिथं टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांना घरटी करायला सरकार मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतं.”

आबांनी गोफण खाली ठेवली. “म्हणजे तिकडं ह्यांला घरकुल हाय?”

“तसंच म्हणा.”

“आन् तरी खायाला इकडं?”

संध्याकाळी थवे मुक्कामाला उसात, बाभुळबनात उतरतात, तेव्हा सगळं आकाश हलतं. त्या वेळी दुर्बीणवाले ती मोजतात. मोजायची पद्धत अशी, की थव्याचा एक तुकडा मनात कापायचा, त्यातले पक्षी मोजायचे आणि असे किती तुकडे बसतात ते बघून गुणाकार करायचा. भाच्यानं मोबाइलवर नोंद केली. आबांनी विचारलं, किती लिहिलंस? तो म्हणाला, अंदाजे पाच हजार.

“पाच हजारानं काय हुतंय? पंधरा लिव.”

“आबा, असं खोटं लिहिता येत नाही. शास्त्रज्ञ वापरतात ही माहिती.”

“पंचनाम्याला कोण येतंय त्यातलं?”

भाच्यानं सांगितलं, की ही यादी तलाठ्याकडे जात नाही, अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे जाते. आबा विचारात पडले. पूर्वी कापड भडोचमार्गे रोमला जायचं. आता भोरड्यांचा आकडा अमेरिकेला जातो. निर्यात आहे, हे त्यांनी मान्य केलं. पट्टी कधी येते एवढंच विचारलं.

माझ्या मते खातं अगदीच एकतर्फी नाही. आवक बाजूला नाकतोडे आणि अळ्या मांडा. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलते, तेव्हा याच भोरड्या मकरंदासाठी फुलांत तोंडं खुपसतात आणि परागानं माखून या झाडावरून त्या झाडावर जातात, तेही मांडा. जावक बाजूला जोंधळा. शिल्लक काय निघते ते आबांना विचारायची सोय नाही, कारण ते आधीच खवळलेले असतात. एप्रिलपर्यंत भोरड्या अंगानं भरून, गुलाबी रंग चकचकीत करून, उत्तरेकडे निघून जातात. आमच्या जोंधळ्यावर पोसलेल्या तिकडे जाऊन कझाकी टोळ मारतात. कझाकस्ताननं याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र फड पातळ झाले. खरिपात सोयाबीन, जमेल तिथं ऊस, आणि शाळू कुणाकुणाच्याच रानात. मजूर मिळत नाही, काढणीला परवडत नाही, भाकरीऐवजी चपाती आली. मचाणं मोडली, नव्या पोरांना गोफण फिरवता येत नाही. एकानं यात्रेत फिरवून दाखवली तेव्हा दगड मागे गेला. आबांचा धाकटा दरवर्षी सांगतो, की तेवढ्या तुकड्यात हरभरा करू. आबा ऐकत नाहीत. म्हणतात, बैलांना कडबा लागतो.

“कडबा इकतचा येतोय की,” काकू, म्हणजे आबांच्या घरच्या, म्हणाल्या. “बैलं तर कवाच इकली.”

“दावणीला गाय हाय.”

“गाईला दोन एकर?”

आबांनी उत्तर दिलं नाही. दोन महिने कोरडे गेले होते, थवा नेहमीच्या वेळेला आला नव्हता, आणि ते रोज संध्याकाळी बांधावर जाऊन वायव्येकडे बघून येत होते. एका दिवशी दुपारी शिवारातून डबा वाजल्याचा आवाज आला, पाठोपाठ आबांचा. भोरड्यांच्या आयांचा उद्धार, त्यांच्या आज्यांचा उद्धार, कझाकस्तानच्या सरकारचा उद्धार. काकूंनी भाकरी थापता थापता कान दिला आणि सुनेला म्हणाल्या, “आल्या वाटतं. आज दोन भाकरी जास्तीच्या खातील बघ.”